चिपोच्या आजीचे तीन रंग

माझ्या वडिलांना मी पाढे शिकवले तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते आणि मी दहावीत होते. पाढे म्हणजे बे एके बे नव्हेत, ते त्यांचे पक्के होते. हे पाढे एका पुस्तकाचे होते, आणि ते पाठ झाले नसते तर सौदीतल्या जुबैलमधलं आमचं बिऱ्हाड उठलं असतं. मगरिबची अजान झाली की बाबा हॉलमधल्या सतरंजीवर मांडी घालून बसायचे, मी समोर पट्टी घेऊन. ते डोळे मिटून म्हणायचे, "पहिल्याला बारा, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला सहा, चौथ्याला एकोणतीस." मग अडायचे. आई कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात यायची आणि विचारायची, "पाचव्याला?" पाचव्याला सत्तावन्न. मला शिकवायला फार आवडायचं, आणि ज्यांनी मला चौथीपर्यंत पाढ्यांवरून रडवलं होतं त्यांना शिकवायला तर जास्तच. पट्टी मी फक्त जमिनीवर आपटायचे, एवढं मात्र खरं.

हे सगळं का करावं लागलं ते सांगायचं तर आधी आईचे रंग सांगायला हवेत. आईचं माहेर सांगलीचं. तिच्या वडिलांचं मॅचिंग सेंटर होतं, म्हणजे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल आणि दोऱ्याची रिळं. लग्नापर्यंत ती त्या दुकानाच्या गल्ल्यामागेच वाढली. तिला रंग चाळीसच्या वर यायचे. डाळिंबी निराळा, आमसुली निराळा, आणि कुसुंबीला आमसुली म्हणणारं माणूस तिच्या मते कशाचाच भरवसा ठेवण्याच्या लायकीचं नसे. चिंतामणी, केतकी, श्रीखंडी, अंजिरी, गुलबक्षी, शेवाळी हे शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखे वापरले जात. जुबैलमध्ये आकाश, वाळू आणि कंपनीच्या क्वार्टर्सच्या भिंती हे तिघं मिळून साधारण दीड रंगाचे होते, त्यामुळे तिला आपलं ज्ञान चालवायला वाव थोडा. दर गुरुवारी संध्याकाळी कंपनीची बस बायकांना बाजारात न्यायची. आई तिथून कापडं आणायची, वसाहतीतल्या बायकांचे कपडे शिवायची आणि रिळांची टोपली जिवापाड जपायची.

बाबांशी ती रंगाबद्दल कधी बोलत नसे. त्यांचे शर्ट ती रोज काढून ठेवी, मोजे सगळे एकाच जातीचे आणी, आणि टोमॅटो आणायला सांगताना "दाबून बघा" म्हणे, "लाल बघा" नाही. एकदा त्यांनी तिच्या सांगण्यावरून पोपटी दोऱ्याचं रीळ आणलं, ते नारिंगी निघालं. त्या दोऱ्याने तिने गादीची खोळ शिवली. मला यात वावगं काही वाटलं नव्हतं. सगळ्यांच्याच आया नवऱ्यांचे शर्ट काढून ठेवतात आणि सगळेच बाप चुकीचा दोरा आणतात, अशी माझी समजूत होती. माझ्या स्वतःच्या संसारात ती निम्मी खरी ठरली.

चिपो आमच्या घरी आली ती एका ड्रेसच्या निमित्ताने. कंपनीच्या क्लिनिकमध्ये ती नर्स होती, झिंबाब्वेची, उंच, अतिशय सावकाश चालणारी. आमच्या समोरच्या इमारतीत ती आणखी दोन नर्सांबरोबर राहायची. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि त्यासाठी तिला ड्रेस शिवून हवा होता. मापं घेणं एका शुक्रवारी झालं, पण आईने बिरड्याची उसळ करून ठेवली होती आणि चिपोने ती दोनदा वाढून घेतली, तेव्हापासून ती दर शुक्रवारी येऊ लागली. वाल मोड काढून सोलायला ती बसायची आणि एकेका वालाला हळूच विचारल्यासारखं चिमटीत धरायची. आईचं आणि तिचं बोलणं हिंदीत चाले. आईची हिंदी सांगलीची आणि चिपोची क्लिनिकमधल्या मल्याळी नर्सांकडून शिकलेली, त्यामुळे दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं आणि मला निम्मं.

एका शुक्रवारी आईने रिळांची टोपली पुढे ठेवली आणि विचारलं, "सिस्टर, कलर कौन सा मंगता? बरोबर बोलो. बाद में कटकट नको."

चिपो टोपलीकडे बघून हसायला लागली. तिची आजी असती तर तिने ही सगळी टोपली तीन ढिगांत वाटून टाकली असती, असं ती म्हणाली. तिच्या भाषेत, शोनामध्ये, आजीच्या वेळी रंगाला मुख्य शब्द तीनच. तिने सतरंजीवर रिळं मांडायलाच घेतली. लाल, केशरी, विटकरी, तपकिरी, जांभळ्यातला लालसर भाग, हे सगळं त्स्वुकू. काळा, निळा, गर्द हिरवा, हे तेमा. पांढरा, फिका पिवळा, कोवळ्या पानाचा पोपटी, हे चेना. झालं. आता शहरातली पोरं हिरव्या-निळ्याला इंग्रजी शब्दच थोडे वाकवून वापरतात, ती स्वतःही वापरते, पण आजीने कधी वापरले नाहीत.

आईने त्या तीन ढिगांकडे बघितलं. तिची चिंतामणी आणि शेवाळी रिळं काळ्याशेजारी पडली होती. "तीनच?" ती मराठीतच म्हणाली. "मग बायका कापड घेतात कशा?" आणि मग हिंदीत, जरा दबकून, "आजी को दिखता नहीं था क्या?"

"दिखता था, सब दिखता था," चिपो म्हणाली. "नाम देने का काम नहीं था. कोई पूछेगा तो बोलेगी, ये पत्ते के माफिक, वो राख के माफिक. बस."

आईचं यावर समाधान झालं नाही, पण खुर्चीत चहा घेत बसलेल्या बाबांनी पेपर खाली ठेवला. रंगाच्या गप्पांत त्यांनी पेपर खाली ठेवल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं. "तीनच?" तेही म्हणाले, पण त्यांचा सूर फार वेगळा होता. बढती मिळाल्याचं कोणीतरी कळवावं तसा. ते उठून सतरंजीवर येऊन बसले आणि तिन्ही शब्द त्यांनी दोनदा म्हणून घोटले. मग खोलीभर बोट फिरवायला लागले. दूध? चेना. बरोबर. टेलिफोन? तेमा. बरोबर. माझ्या वेण्या, तेमा. भिंत, चेना. बाबा इतके खुशीत होते की मीही टाळ्या वाजवल्या. चिपोने हसत हसत टोपलीतून दोन रिळं उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. एक गर्द हिरवं, एक डाळिंबी.

बाबांनी हिरव्यावर बोट ठेवलं आणि ठासून सांगितलं, "त्स्वुकू." डाळिंबीवर ठेवलं, "तेमा."

चिपोने रिळं परत टोपलीत ठेवली, आधी एक, मग दुसरं, आणि बाबांकडे बघितलं. ती शुक्रवारची चिपो नव्हती, क्लिनिकमधली सिस्टर होती. आई झटकन उठली आणि म्हणाली, "अहो, पुरे झालं आता. खुबूस आणायचाय ना? बेकरी बंद होईल." बाबा चप्पल घालून गेले. बेकरी बंद व्हायला तीन तास होते. तेव्हा मला कळलं की सगळ्यांच्या आया शर्ट काढून ठेवत नाहीत. तीन रंगांच्या भाषेतही माझे वडील नापास झाले होते, आणि आई हे माझ्या जन्माच्या आधीपासून जाणून होती.

बाबा प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन होते. हे वाक्य मी मुद्दाम आत्तापर्यंत लिहिलं नाही, कारण आमच्या घरातही ते फारसं उच्चारलं जात नसे. त्यांचं कसं चालायचं ते नंतर त्यांनीच मला सांगितलं. तारांना नंबरांच्या पट्ट्या असायच्या. पॅनेलवर प्रत्येक मोटर चालू की बंद ते सांगणारे दोन दिवे, वरचा लाल आणि खालचा हिरवा. बाबांना रंग नव्हे, जागा पाठ होत्या. भरतीच्या वेळी डोळे तपासले ते भिंतीवरच्या अक्षरांनी, आणि लांबचं बाबांना घारीसारखं दिसायचं. असं चौदा वर्षं चाललं. मग प्लांटमध्ये नवीन पॅनेलं आली. त्यांत प्रत्येक मोटरीला एकच दिवा होता, तोच लाल व्हायचा आणि तोच हिरवा. पाठोपाठ नोटीस लागली की इलेक्ट्रिकलच्या सगळ्या लोकांची रंगाची तपासणी होणार. तपासणी क्लिनिकमध्ये, आणि घेणार सिस्टर चिपो.

आमच्या घरात रडारड झाली नाही. आई म्हणाली, "नंदाची दहावी आहे." बस, एवढंच. पण याचा अर्थ तिघांनाही ठाऊक होता. नोकरी गेली की इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना गेला, इकामा गेला की शाळा गेली, आणि बोर्डाच्या परीक्षेला चार महिने उरलेले. चिपोला जाऊन विनवावं असं कोणाच्याही मनात आलं नाही असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. आईच्या मनात ते रोज येत होतं. एका शुक्रवारी चिपो आली तेव्हा आईने तिला नेहमीपेक्षा जास्त वाढलं आणि तोंड उघडून पुन्हा मिटलं. चिपोनेही खाली मान घालून खाल्लं. त्या दिवशी रंगाचा विषय निघाला नाही. ड्रेसचा दोरा कुठला हेसुद्धा आईने आपल्या मनानेच ठरवलं.

मार्ग काढला मुकादमचाचांनी. ते राजापूरकडचे, कंपनीची बस चालवायचे आणि क्लिनिकमध्ये त्यांचं बसणं-उठणं होतं. एके दिवशी त्यांनी शर्टाच्या आतून एक जाड पाकीट काढलं आणि आईच्या हातात दिलं. "वहिनी, आख्खं बुक उतरवून आणलंय बघा. जवाब पन मागं लिवलेले हायत. पन कुनाला बोलू नका हां, माझी पोरंबाळं हायत." चाचा गेल्यावर आम्ही तिघं पाकिटाभोवती बसलो. आत रंगाची तपासणी करायच्या पुस्तकाची प्रत होती, पानोपान ठिपक्यांनी भरलेली गोल चित्रं. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, रंग ओळखू येणाऱ्याला तो दिसतो. चाचांनी ती प्रत ऑफिसच्या मशीनवर काढली होती. म्हणजे काळी-पांढरी.

आईने पहिलं पान हातात घेतलं. लांब धरलं, जवळ धरलं, खिडकीपाशी नेलं. मग मी घेतलं. राखाडी ठिपके, लहान-मोठे, आणि त्यांत काहीही नाही. दुसरं पान, तिसरं पान, तेच. चाळीस रंगांची माझी आई वीस-बावीस पानं बघून संपवून बसली आणि म्हणाली, "अहो, यात तर काहीच दिसत नाही."

"हो ना?" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकं समाधान मी कधी ऐकलं नव्हतं.

मग पाढे सुरू झाले. चाचांनी शेवटच्या कागदावर पानांचे आकडे आणि उत्तरं उतरवली होती. मागच्या चार पानांपुढे 'काही नाही' असं लिहिलं होतं. ते आम्हाला सोपं वाटलं, आठवायला आकडाच नाही. तीन आठवड्यांत बाबांचं तोंडपाठ झालं. सरळ, उलट, मधूनच विचारलं तरी. एका शनिवारी मी स्वतः खूश होऊन त्यांना शंभरपैकी शंभर दिले.

आज मागे बघताना मला याची लाज वाटते का, असं माझ्या मुलाने विचारलं होतं. वाटते. तेव्हा वाटली नव्हती. एकाच दिव्याच्या पॅनेलसमोर माझे वडील उभे राहतील आणि आत कोणी माणूस मोटरीत हात घालून बसलेला असेल, हा विचार मी एकदाही केला नाही. दहावीच्या मुलीला दहावी दिसते. बाबांनी तो विचार रोज केला होता, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

तपासणीच्या दिवशी मीही बरोबर गेले, कारण शाळेला माझ्या रक्तगटाचा दाखला हवा होता. आईने बाबांचा शर्ट दोनदा इस्त्री केला. क्लिनिकच्या खोलीत चिपो टेबलापलीकडे बसली होती. शुक्रवारी ती बाबांना भाईसाब म्हणायची. त्या दिवशी इंग्रजीत म्हणाली, "मिस्टर माने, प्लीज सिट." माझ्या बोटातून तिने रक्त घेतलं, कापूस दिला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. मग पुस्तक उघडलं. खऱ्या पुस्तकात रंग होते, आणि मला आकडे लख्ख दिसत होते. बाबांनी सुरुवात केली. ट्वेल्व्ह. एट. सिक्स. चौथ्याला ते इतके घाईत होते की पान पुरतं उलटायच्या आत ट्वेंटी नाइन म्हणून मोकळे झाले. चिपो थांबली. पान अर्धं हवेत. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग पान खाली ठेवलं आणि पुढचं उलटलं. तिला सगळं माहीत होतं, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं. ती एकही पान गाळत नव्हती. बाबांचा एकही आकडा चुकला नाही.

मग ती मागची पानं आली. पहिल्याला बाबांनी पान बघितलं आणि जरासे पुढे झुकले. मग पाठ केल्याप्रमाणे म्हणाले, "नथिंग." दुसऱ्याला आणखी पुढे झुकले. नाकाची आणि पुस्तकाची भेट व्हायची बाकी राहिली होती. "नथिंग," ते म्हणाले, पण बारीक आवाजात. तिसरं पान चिपोने उलटलं. मी स्टुलावरून वाकून बघितलं. नुसते ठिपके, लाल-हिरवे-तपकिरी, कुठे काही नाही. उत्तर 'काही नाही' हेच बरोबर होतं आणि ते आम्ही शंभरदा घोटलं होतं.

बाबांनी वाचायचा चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं त्यांना काही होतंय. त्यांनी बोट पानावर ठेवलं आणि ठिपक्यांवरून सावकाश फिरवलं, वरून खाली, मग वळण घेऊन. "फॉर्टी फाइव्ह," ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून मराठीत, "नंदे, पंचेचाळीस! अगं, केवढा मोठा काढलाय!"

त्या पुस्तकात काही पानं अशी असतात की रंग ओळखू येणाऱ्यांना त्यात काहीच दिसत नाही, आणि बाबांसारख्यांनाच आकडा दिसतो. हे चाचांना माहीत नव्हतं आणि आम्हालाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं. मला काही दिसलं नाही. चिपोने मान हलवली. "मला तो कधीच दिसलेला नाही, मिस्टर माने," ती इंग्रजीत म्हणाली. "तिथे आहे हे पुस्तक सांगतं म्हणून मी मानते." मग तिने मागची दोन पानं परत काढली आणि विचारलं, इथेही दिसला होता ना? बाबांनी मान खाली घातली आणि खरं ते सांगितलं. पाच आणि दोन. तिने पेन उचललं आणि फॉर्मवर लिहायचं ते लिहिलं.

घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "आकडा दिसला गं. खोटं कसं बोलू?" आणि मग हॉलच्या मधोमध उभं राहून रडले. चौदा वर्षं रोज सकाळी बसमध्ये बसताना, आज आपल्या हातून कोणी मरणार नाही ना, एवढाच विचार करायचो, असं म्हणाले. आईने बॅगा काढल्या. बॅगा काढल्या म्हणजे माळ्यावरून खाली आणल्या. मी भूगोलाचं पुस्तक उघडून बसले आणि एकही ओळ वाचली नाही. पुढच्या शुक्रवारी चिपो येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. ती नेहमीच्या वेळी आली. आईने दार उघडलं, आत गेली आणि तयार झालेला ड्रेस आणून तिच्या हातात ठेवला. चिपोने शिवण बघितली. दोरा कापडात असा मिसळला होता की शोधावा लागत होता. आई त्या आठवड्यात तिच्यावर इतकी चिडली होती की तिचं नाव घेत नव्हती, पण चुकीचा दोरा लावणं तिला रागातसुद्धा जमलं नाही. चिपो ड्रेस मांडीवर घेऊन बसून राहिली. शेवटी आई म्हणाली, "बैठी हो तो वाल सोलो."

इकामा गेला नाही. महिनाभर काहीच कळेना, मग कंपनीने बाबांना ड्रॉइंगच्या खोलीत टाकलं, नकाशे जपायला आणि काढून द्यायला. काळ्या रेघा, पांढरा कागद. तेमा आणि चेना. बाबा तिथे नऊ वर्षं होते. मी दहावी झाले, भूगोलात काठावर. चिपो पुढे मायदेशी गेली, त्याआधी क्लिनिकचं ते पुस्तक जुनं झालं म्हणून बदललं होतं, ते तिने बाबांना आणून दिलं. पहिल्या कोऱ्या पानावर तिने तिच्या आजीचे तीन शब्द लिहिले होते.

पुढचं सांगलीतलं. माझा मुलगा दुसरीत असताना त्याच्या बाईंनी डायरीत लिहून पाठवलं की हा पोपटाला तपकिरी रंगवतो आणि सांगितलं तरी ऐकत नाही. डॉक्टरांनी मला समजावलं की हे बापाकडून मुलीकडे येतं आणि मुलीकडून तिच्या मुलाकडे जातं. मुलीला स्वतःला काही होत नाही, ती फक्त पोचवते. मी रडले. बाबांनी डायरी वाचली, कपाटातून ते पुस्तक काढलं आणि नातवाला शेजारी बसवून एकदम मागचं ते पान उघडलं. मी आणि आई मागे उभ्या होतो. आईने चष्मा लावला होता, तरी सवयीने पान जरा उजेडाकडे वळवलं. मला ठिपके दिसत होते.

"फॉर्टी फाइव्ह," माझा मुलगा म्हणाला. "आजोबा, हे तर सोप्पंय."

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग मुलाने विचारलं, "आजोबा, पण रंग असतात तरी किती?" आईने तोंड उघडलं. तिच्याकडे चाळीस तयार होते. बाबांनी तिला हाताने थांबवलं.

"तीन," ते म्हणाले. "चेना आपल्याला येतो. उरलेले दोन आजीला विचारायचे."